दट्टापेटीचं चौथं भोक

बाई,

गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, लांब जिन्याच्या दहा पट्ट्या, बटणं लावायच्या चार चौकटी, खरखरीत अक्षरांच्या पाट्या आणि एक सागवानी दट्टापेटी. डिंभ्याच्या तुमच्या बालवाडीसाठी एवढं मी माझ्या हातानं केलं. सुतारकी कुणाकडे शिकलो नाही. तुम्ही दिलेल्या पुस्तकातल्या चित्रांवरून मापं काढली आणि पिंपळवंडीच्या शेडमध्ये कापली, घासली. दट्टापेटी सगळ्यात अवघड. दहा भोकं, दहा दट्टे, प्रत्येक दट्टा आधीच्यापेक्षा जरासा जाड. दट्टा भलत्या भोकात गेला तर शेवटी एक हातात उरलाच पाहिजे, म्हणजे पोराला कुणी न सांगता चूक कळते. हे तुम्हीच मला समजावलेलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कामाचं कुणी विचारलं की मी ती पेटीच सांगतो. सांगत होतो.

पुण्याहून एक मुलगी येते. माँटेसरी शिक्षणावर तिची पीएचडी चालली आहे. कोणतं मूल काय उचलतं, कितीदा पुन्हा लावतं, हे ती कोपऱ्यात बसून लिहिते. परवा तिनं मला बोलावून घेतलं. "काका, बाकीच्या साहित्यापाशी मुलं अडतात, मोडून पुन्हा लावतात. या पेटीपाशी अडतच नाहीत. असं का?" मी म्हणालो, काम माझं आहे, अडायला जागा कुठंय. तिनं पाचवा दट्टा उचलला, जरासा दाबून चौथ्या भोकात घातला. गेला. चौथा पाचव्यात आरामात बसला. दहाच्या दहा आत, हातात काही उरलं नाही.

लाकूड झिजलं असेल, असं मी म्हणतोय तोवर तुमच्या वेळच्या मदतनीस मावशी दारातून बोलल्या, "झिजलं न्हाई भाऊ. पयल्यापासनं जातोय. आमाला वाटलं, पोरं रडू नयेत म्हणून तुमी मुद्दाम केलंय."

मग त्या मुलीनं बालवाडीच्या कपाटातली तुमची नोंदवही पुढं केली. पेटी आली त्याच आठवड्याचं पान, तुमचं अक्षर. 'काम सुंदर. पाचवा दट्टा चौथ्या भोकात जातो. सुताराला सांगितलेलं नाही. पेटीपाशी बसेल तेव्हा त्याचं त्याला दिसेल.' मी ते तीनदा वाचलं. मुलगी पाणी घेऊन उभी होती, ते मला दिसलं नाही.

पेटी घेऊन आलो तो दिवस लख्ख आठवतो. तुम्ही सतरंजी अंथरता, दहाही दट्टे काढून मिसळता आणि म्हणता, "बसा, एकदा लावून बघा." आणि मी उभ्या उभ्याच म्हणतो, "बाई, बनवली मी, आता मलाच बालवाडीत बसवता का?" तुम्ही हसलात, चहा ठेवलात. परत कधी म्हणाला नाहीत. चूक कशी झाली ते आता कळतं. प्रत्येक दट्टा मी त्याच्याच भोकात घालून, घासून, पुन्हा घालून बघितला. शेजारच्या भोकात एकदाही नाही. जाणता माणूस तिथं घालतच नाही. पोर आधी तिथंच घालतं.

परवा मात्र त्या सतरंजीवर बसलो. डोळे मिटून दट्टे मिसळले आणि बोटांनी लावले. सगळे बसले, म्हणून खूश होऊन डोळे उघडले. चौथा आणि पाचवा उलटे होते.

त्या मुलीनं आधी कुठंतरी पेटीचे फोटो दाखवलेले. त्यावरून काल शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. ही पेटी नमुना म्हणून न्यायची, तशाच पेट्या काढायच्या, झाकणावर माझं नाव. मी म्हणालो, बाईंची वस्तू आहे, विकायची नाही. गावात वाहवा झाली. भोक चुकलंय, नवी करून देतो, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. पंचाहत्तर हजार देत होता.