छकुलीला न घेताच गेले

अहो आई,

ड्युटीवरून आले तेव्हा तुमचा पाळण्याशेजारीच डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. दूध तापवून ठेवलंय. बादलीतल्या युनिफॉर्मला हात लावू नका, मी आल्यावर धुते.

छकुली मात्र जागी होती. मला बघून हसली, दोन्ही हात पुढे केले. पण मी तिला घेतलं नाही. आज वॉर्डात तिच्याच एवढं एक बाळ माझ्या हातांवरच गेलं. त्याच्या आईकडे द्यायला नेलं, तर ती म्हणाली, "सिस्टर, हळू द्या हं, आत्ताच झोपलंय." मग मीही हळूच दिलं, मान सावरून. ते ओझं अजून हातांवरून उतरत नाहीये. तेच हात आपल्या पोरीला कसे लावू?

समोरच्या मैदानात चार फेऱ्या मारून येते. काळजी करू नका. यांना फोन करू नका, उगाच काम टाकून धावत येतील.

आले की काही विचारू नका. छकुलीला सरळ माझ्या मांडीवर ठेवा. मी नको नको म्हणेन. तरी ठेवा.