माधवीच्या नावाचा पास

६ जानेवारी, सोमवार
पोहोचले एकदाची! नेरळला उतरून कळंबच्या रस्त्यानं रिक्षा केली. भातबियाण्यांचं संशोधन केंद्र आहे हे. चहूबाजूंनी तारेचं कुंपण, मागे डोंगर. खोली मस्त आहे. खिडकीतून कापलेली खाचरं दिसतात, त्यांत वाल पेरलाय. फाटकावर येसाजी नावाचे वयस्कर रखवालदार आहेत. त्यांनी वहीत 'हर्षला' असं माझं नाव लिहून मोबाईल ठेवून घेतला. नव्या वाणांची माहिती फुटू नये म्हणून आत फोन चालत नाही म्हणे, आणि बाहेर जायला छापील पास लागतो. जेवण करणाऱ्या इंदूबाई डोंगराखालच्या वाडीतून चालत येतात. आज त्यांनी मडक्यात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा इतक्या गोड लागतात हे सांगलीत कुणाला माहीत! आईला कळवायला हवं.

८ जानेवारी, बुधवार
काम माझ्या आवडीचं आहे. इथले सगळे संगणक एका लिनक्स सर्व्हरमधून फायली आणि प्रिंटर वापरतात. सॉफ्टवेअर मुक्त आहे, म्हणजे शंका आली तर आतला कोड उघडून वाचता येतो. तक्रारी दोन : प्रिंट अडकतात आणि नावं चुकतात. एखाद्या संगणकाचं नाव विचारलं की सर्व्हरनं त्याचा पत्ता सांगायचा असतो. इथं 'माधवी' विचारलं तरी उत्तर येतं. माधवी म्हणजे माझ्या आधी हे काम बघणारी. जगदीश सर केंद्राचे प्रमुख. त्यांना तिच्याबद्दल विचारलं तर विषय बदलला. तिचा संगणक कपाटात पडलाय, वायरसुद्धा जोडलेली नाही. जुनी नोंद राहिली असेल. पुसून टाकली.

९ जानेवारी, गुरुवार
नाव परत आलं. आता त्याचा पत्ता माझ्या लॅपटॉपचा आहे. मी लॅपटॉपचा पत्ता बदलला, तर तासाभरात नावही मागोमाग आलं. माझं नाव, 'हर्षला', विचारून बघितलं. सापडत नाही म्हणतो.
दिवसभर कोड वाचला. त्यात चूक नाही.

११ जानेवारी, शनिवार
कर्जतला जाऊन साबण, चप्पल घ्यायची होती. पास छापायला दिला, अडकला. प्रिंटरची रांग उघडली. माझं छपाईचं काम माधवीच्या नावावर लागलं होतं. त्याच्या आधी तिची त्रेचाळीस कामं अडकलेली, सगळे पासच. प्रत्येकावर कारण एकच : घरी जायचं आहे. छापला गेलेला पास फक्त एक. सहा तारखेचा, संध्याकाळी पाचचा. नाव हर्षला.
सहा तारखेला मी पास मागितलाच नव्हता.

१३ जानेवारी, सोमवार
जगदीश सरांनी त्यांच्या संगणकावरून माझा पास काढून दिला. तो लगेच छापला गेला. धावत फाटकावर गेले. येसाजींनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हर्षला मॅडम तर सा तारखेलाच भाईर गेल्या. मोबाईलपन घेऊन गेल्या. ही बगा सही."
मी म्हटलं, हर्षला मी आहे. तुम्हीच तर वहीत लिहिलंत.
ते माझ्याकडे काळजीनं बघत राहिले. म्हणाले, "माधवी मॅडम, तुमची तब्येत बरी नाय का?"

१५ जानेवारी, बुधवार
ऑफिसच्या फोनवरून घरी लावला. आईनंच उचलला. मी हर्षला बोलतेय म्हटल्यावर ती चिडली. म्हणाली, "असली थट्टा करू नका हो. हर्षला माझ्यासमोर जेवायला बसलीय."
मागून कुणीतरी हसलं. माझ्यासारखंच.
परत लावला. कोणी उचलत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार
इंदूबाई कुंपणातल्या फटीतून येतात. दुपारी त्यांच्या मागोमाग निघाले. त्यांचं लुगडं दहा पावलांवर दिसत होतं. ओहोळ ओलांडला, चढ लागला, मग त्या दिसेनाशा झाल्या. पायवाट एकच होती, तीच धरून चालत राहिले. तासाभरानं समोर फाटक. आतल्या बाजूनं.
आज इंदूबाईंनीही माधवी म्हणून हाक मारली. मी ओ दिली. का दिली?

२० जानेवारी, सोमवार
जगदीश सर म्हणाले, माधवी, तुझ्या मदतीला शुक्रवारी एक मुलगी येतेय, तेजश्री. तिचं नाव सर्व्हरवर घालून ठेव.
मला कळलं. माधवी माझ्या नावाच्या पासवर कशी सुटली ते कळलं.
नाव घालणार नाही.

२२ जानेवारी
घातलं नाही. तरी यादीत आहे. पुसलं. चार वेळा पुसलं — सर्व्हर बंद केला, वायर उपटली —
प्रिंटरचा दिवा चालूच.

२३ जानेवारी
आईचा चेहरा आठवत नाही. माधवीच्या आईचा आठवतो. मी तिला कधी पाहिलेलं —

२४ जानेवारी
पास आला. कोणी मागितला नव्हता. तेजश्री. फाडायला घेतला आणि घडी घातली.
फाटकाजवळच्या बाकावर लिहितेय. ती रिक्षातून उतरलीय, पिवळी ओढणी, जेमतेम बावीसची. येसाजींना आजोबा म्हणतेय. मोबाईल काढून दिला. फाटक अजून उघडं आहे. आत्ता ओरडले तर ती मागे वळेल, पळेल — मग मी इथंच — पुढची कधी येईल —
ती वहीत नाव लिहितेय.
येसाजींनी माझ्याकडे बघून हात पुढे केला. म्हणाले, "द्या पास, तेजश्री मॅडम."
तिनं मान वर केली. फाटक उघडंच आहे. तिला सांगायला हवं, मी —