दोघांचा मिळून एक आकडा

३ ऑगस्ट

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी काय बोलते ते निम्मं कळत नाही ही तुझी नेहमीची तक्रार, म्हणून लिहून पाठवते. रक्ताच्या नळ्या आमच्या प्रयोगशाळेत आणणारे गाडीवाले काका तुमच्या गल्लीवरूनच परत जातात.

मामाचं या खेपेचं रक्त तपासलं. प्रत्येकाच्या पेशींवर आपापल्या ओळखीची प्रथिनं असतात. त्यातली थोडी सुटून रक्तात तरंगतात, ती मी मोजते. तू किडनी दिल्यापासून मामाच्या रक्तात त्याची आणि तुझी, दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत होती. या वेळी आकडा बराच चढलाय. हा दोघांचा मिळून आकडा आहे. वेगवेगळा काढणं किचकट काम. पण शरीर नव्या किडनीशी भांडायला उठलं तर असं होऊ शकतं.

मामा म्हणेल, मला धाड भरली नाही, आणि दुकानात फ्रेमच्या काचा कापत बसेल. त्याचं ऐकू नकोस. शाळेच्या मैदानात मुलांना पळवतेस तसं त्याला आजच डॉक्टरांकडे पळव.

घाबरवलं म्हणून लोभ आटवू नकोस.
तुझी भाची,
ठकी


५ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पळवलं. दुकानाची किल्ली काढून घेतली तेव्हा कुठे स्वारी हलली. डॉक्टरांनी हात लावला तर अंगात ताप, आणि तो ह्यांनी माझ्यापासून लपवलेला. लगेच दाखल करून घेतलंय. किडनीचं काम मंदावलंय. सुईने तिचा तुकडा काढून तपासला असता, पण रक्त गोठवणाऱ्या पेशी घटल्यात, त्यामुळे तोही मार्ग बंद.

नेहमीचे जंतू सापडले नाहीत. विषाणूच्या तपासणीचं उत्तर यायचंय. तोवर किडनी हातची जाऊ नये म्हणून शरीराचा विरोध दाबणारं मोठं औषध उद्या संध्याकाळी सुरू करू, असं डॉक्टर म्हणतात. मी विचारलं, ताप विषाणूचा असला तर? तर या औषधाने तो माजेल, असं त्यांनी सरळ सांगितलं. माणूस आडपडदा ठेवत नाही, हे मला आवडलं. उत्तर नाही आवडलं.

तेव्हा तो आकडा वेगवेगळा काढ. काम किचकट आहे हे वाचलं मी. तरी काढ, उद्या संध्याकाळच्या आत. वॉर्डातल्या स्टुलावर बसून मी फक्त सलाइन बघू शकते. तुझ्या हातात निदान काहीतरी आहे.

जेवून कामाला लाग. लोभ आहे म्हणूनच हुकूम सोडते.
तुझी मामी


६ ऑगस्ट, दुपार

ती. सौ. मामीस,
सा. न. वि. वि.

आकडा काढला. फक्त तुझीच प्रथिनं पकडणारा द्रव आमच्याकडे आहे, पण रक्तात ती इतकी थोडी असतात की पहिल्यांदा काही हातीच लागेना. आमचे सर म्हणाले, उद्या बघू. मी म्हटलं, आजच. पुन्हा मांडलं, तेही फसलं. मग सगळं नव्याने धुऊन-पुसून मांडलं तेव्हा आकडा लागला, आणि खात्रीसाठी पुन्हा केलं तेव्हाही तोच आला.

तुझी प्रथिनं होती तितकीच आहेत. वाढलीत ती मामाची स्वतःची. किडनीला मार बसत असता तर तुझी वाढताना दिसायला हवी होती. म्हणजे मामाचं शरीर कुणाशी तरी लढतंय, पण बहुतेक तुझ्या किडनीशी नाही.

सरांचं म्हणणं, ही तपासणी अजून अभ्यासातली, हिच्या एकटीच्या भरवशावर औषध ठरवता येत नाही. ते खरंच आहे. पण डॉक्टरांच्या कानावर हे गेलंच पाहिजे म्हणून मी दारात अडून बसले, तेव्हा सरांनी फोन लावला. किडनीवर नजर ठेवून, विषाणूचं उत्तर येईल तोवर, म्हणजे उद्या सकाळपर्यंत थांबायला डॉक्टर तयार झालेत. माझं चुकलं असेल तर ही एक रात्र किडनीला महाग पडेल. हे तुझ्यापासून लपवत नाही.

तरीही लोभ धर.
ठकी


९ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

विषाणूच निघाला. त्यावरचं औषध सुरू झालं आणि आज ताप उतरला. किडनीही वळणावर येतेय. तुझा आकडा आला नसता तर मी थांबलो नसतो, असं डॉक्टर आपणहून म्हणाले. मी त्यांना म्हटलं, भाची कुणाची आहे! मग जिन्यात जाऊन पोटभर रडून घेतलं. हे मामाला सांगू नकोस.

माया आहेच, ती कुठे मोजत बसू नकोस.
मामी


२४ ऑगस्ट

चि. ठकीस,
अ. उ. आ.

घरी आलो. किल्ली अजून मिळालेली नाही.

तुझ्या मामीचा अंश माझ्या रक्तात शांत बसलाय, असं तू लिहिलंस म्हणे. लग्नानंतर ती शांत बसल्याचा हा पहिलाच पुरावा. तो मी फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे.

आता खरं सांगतो. तिच्याकडून किडनी घ्यायला मी तयार नव्हतो, तिनेच रेटलं. तेव्हापासून ती मैदानात धावून दमली, कुशीवर हात ठेवून टेकली, की मी स्वतःलाच दोष देतो. ताप आला तेव्हा मी मरेन असं वाटलं नाही. तिने दिलेलं मी नासवलं, असं वाटलं. ते तोंडाने सांगवेना, म्हणून ताप लपवला. परवा हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘दिलेलं परत मागितलंय का मी?’

तेव्हा आता दर खेपेला दोन्ही आकडे वेगवेगळे काढ. आधी तिचा सांग, मग माझा.

असाच लोभ कर.
मामा