शेड दिव्यानीचा

प्रणितची तेरवी झाल्यावर त्याच्या नावाने पार्सल आले. आलेले सामान: चिखलात चालणारा, मोठ्या गोट्या उठलेला मोटारसायकलचा मागचा टायर एक, रुपये चार हजार दोनशे. गॉगलवर लावायच्या पातळ फिल्मा, दोन पाकिटे, सहाशे चाळीस. हातमोजे एक जोड, साडेपाचशे. पोस्टमन म्हणाला, "बाई, घेनारा नाई तं वापस पाठवून देतो." मी म्हटले, घेणारा नसला तरी मागवणारा माझाच पोरगा होता. पैसे दिले. सामान अंगणातल्या शेडात तसेच बांधलेले आहे.

मी, कमळा लटारू दोनाडकर, वय एकसष्ट, मॅट्रिक पास, काम घरचे, राहणार ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर, गावदेवी मातामायला स्मरून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी पोटातला आजार सांगितला, पण डोके ठिकाणावर आहे. दूधवाल्याच्या हिशेबातली चूक आजच सकाळी काढली. हे कोणाच्या दबावाने लिहिलेले नाही. न लिहिण्याचा दबाव मात्र पुष्कळ झाला.

राहते घर माझ्या नावावर आहे. माझे पती श्री. लटारू यांनी त्यात हयातभर राहावे. त्यांच्या पश्चात घर मोठा मुलगा हेमराज याचे. हेमराज कोरपन्याला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्याने वडिलांच्या दवाखान्याचे पाहावे. शेड विकून खताचे दुकान टाकण्याचा विचार त्याने सोडावा.

पोस्टातली ठेव माझ्या क्रियाकर्मासाठी. जेवण साधे करावे, बुंदी करू नये. उरेल त्यातून मातामायच्या ओट्याला फरशी बसवावी.

नणंद शकुबाई माझा पाण्याचा पितळी गुंड एका लग्नासाठी घेऊन गेली, त्या जोडप्याची पोरे आता कॉलेजात आहेत. तो गुंड तिला दिला असे समजावे. मागायला कोणी जाऊ नये. तिनेही आता तो लपवू नये.

अंगणातला टिनाचा शेड, नट आवळायचे पाने, पंप, प्रणितची मोटारसायकल आणि वर लिहिलेले पार्सल हे सर्व माझी धाकटी सून, प्रणितची पत्नी दिव्यानी हिचे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. हे का, तेही लिहून ठेवते.

आमच्या भागात धानाचे रोवणे आटोपले की पडीक बांधीत, म्हणजे पाळ घातलेल्या शेतात, पाणी सोडून गाड्यांची शर्यत होते. प्रणित चालवायचा, पण गाडी बांधायची दिव्यानी. ती कुरखेड्याकडची, वडिलांचे पंपदुरुस्तीचे काम पाहत वाढलेली. मडगार्डाला आतून मोहाच्या टोरीचे तेल चोळायची, म्हणजे चिखल चिकटत नाही. इंजिनाखालच्या फटी स्पंजाने भरायची, नाहीतर चिखल साचून गाडी जड होते. तो स्पंज मी जुन्या गादीतून कापून द्यायची. हँडलच्या मुठी तारेने आवळायची. गॉगलवर फिल्मा एकावर एक लावायची; चिखल उडाला की वरची एक सोलून टाकायची, खाली काच स्वच्छ.

नवऱ्यालाही तीच तयार करायची. ओले पोते पाठीवर देऊन बांधीतून पळवायची. तो ओरडायचा, "आई, पाह्य ना, हे बैल समजून राह्यली मले!" ती म्हणायची, "बैल ऐकते तरी. चाकाकडे पाहू नका, पुढं पाहा. पाहाल तिथंच जाल." त्या दिवसांत या घरात फार हसणे होते.

यांनी जन्मभर शंकरपटात बैल पळवले. सुटायच्या आधी बैलाच्या कपाळावर मूठभर गुलाल टाकायचा, हा यांचा रिवाज. गेल्या ऑगस्टमध्ये शर्यत सुटायच्या वेळी यांनी तोच गुलाल प्रणितच्या तोंडावर उधळला. पाऊस चालू होता. दिव्यानी सासऱ्यांकडे धावली, "मामाजी, काचेवर नका टाकू!" हे म्हणाले, "शुभाच्या कामात टोकू नोको." ओल्या गुलालाचा काचेवर आणि आतूनही लगदा झाला. पोराने पहिल्याच फेरीत सगळ्या फिल्मा सोलल्या, तरी दिसेना, म्हणून गॉगल काढून फेकला. पुढच्या गाडीचा चिखल थेट डोळ्यांत गेला आणि तो बांधीच्या पाळीवर आदळला. दवाखान्यापर्यंत पोहोचला नाही.

तिथेच, माणसांत, हे सुनेला म्हणाले, "गाडीत पानी गेलं, गाडी बंद पडली. तुह्याच हातानं गेला माहा पोरगा." मी तिथल्या तिथे म्हटले, असे नाही. पण रडणाऱ्या बाईचे कोण ऐकते? नंतर गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिथुन मिस्त्रीने चारचौघांत गाडीचा हवेचा फिल्टर उघडला. कोरडा ठाक होता. गाडी एका किकेत सुरू झाली. तोवर दिव्यानी माहेरी गेली होती. या घरचा फोन ती उचलत नाही, त्यात तिची चूक नाही.

माझ्या मागे कोणी तिच्याकडे बोट दाखवले, तर त्याने हा कागद वाचावा.

काल हे सर्व यांना वाचून दाखवले. गुलालाची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाले, "गुलालाचं काऊन लिवलं वो? लोक का म्हनतीन?"

"लोकं सुनेले म्हनून राह्यले, ते चालते तुमाले?"

"मी का जानून टाकला?"

"जानून कोन म्हनते? पन टाकला ना तुमी. तिनं नाई."

उठून गेले. जेवले नाहीत. आज सकाळी पेन मागितला.

वकिलांनी सांगितले की घरात वाटा असणाऱ्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये. म्हणून यांची ओळ वेगळी घेतली आहे. अक्षर यांचेच आहे:

"गुलाल म्या टाकला. गाडी बराबर होती. सून घरी यावी. लटारू दोनाडकर."

साक्षीदार: १. मिथुन मिस्त्री (सही). २. चैतू, शेजारी (सही).
लिहून देणार: कमळा लटारू दोनाडकर (सही).
ब्रह्मपुरी, दिनांक ३ नोव्हेंबर २०२४.

याची एक प्रत दिव्यानीला टपालाने पाठवत आहे. बेटा, शेड तुझ्या नावाने केला म्हणून तू इथे राहिलेच पाहिजे असे नाही. कुलूप लावून किल्ली घेऊन गेलीस तरी चालेल. दुसरे घर केलेस तरी माझा आशीर्वाद आहे, सामान तिकडे ने. पण एकदा ये, मी आहे तोवर, आणि दिवसा ये, सगळ्यांच्या समोरून ये. यायचे नसेल तर "नाही" एवढेच लिही. सोबत कोरे कार्ड ठेवले आहे, पत्ता मी घातला आहे. उलट टपाली कळव.