फियाट विष्णूभाऊजींना

मी, श्रीमती वासंती यज्ञेश्वर दफ्तरदार, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार नानाखेडा, उज्जैन, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा झाल्यावर हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. मला दडपणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. शेजारची मुक्ता वकील आहे. तिने छापील नमुना आणून दिला होता. त्यात माणूस कुठे दिसेना, म्हणून मी माझ्या पद्धतीने लिहिते. कायद्याला लागते तेवढे यात आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. नानाखेड्याचे राहते घर व बँकेतील ठेवी चिरंजीव मंदार यास. तो बंगलोरला असतो, घर विकणार हे मला ठाऊक आहे. विकावे. फक्त त्याआधी एक दिवाळी सगळ्यांनी मिळून इथे करावी. माझ्या तेराव्याला श्रीखंड ठेवू नये. जन्मभर आवडले नाही, मेल्यावर माझ्या नावावर नको.

कलम २. पाटल्या व तन्मणी सून अपूर्वा हिला. भैरवगडी छापाच्या सुती साड्याही तिलाच. तिने त्यांचे पडदे करू नयेत. करायचेच असतील तर निदान स्वयंपाकघराचे करू नयेत.

कलम ३. पुरणयंत्र नाशिकच्या नणंद सुलूवन्सं यांना. ते सासूबाईंचे, आणि मी लांबवले असा त्यांचा समज आहे. सासूबाईंनी ते स्वतः माझ्या हातात दिले होते. पण आता सांगायला त्या नाहीत, म्हणून वाद मीच मिटवते. घ्या वन्सं, आणि आता तरी गाठी न ठेवता पुरण वाटा.

कलम ४. माझे यजमान कै. यज्ञेश्वरराव यांची १९८४ची फियाट, जी त्यांच्या पश्चात माझ्या नावावर आहे. मंदार म्हणतो, "आई, भंगारात दे. टाकी सडलीय, पाइप सडलेत, पार्ट मिळत नाहीत." टाकी का सडली ते सांगितल्याशिवाय हे कलम कुणाला कळायचे नाही.

२०१६च्या सिंहस्थात आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली होती. पंपावर रांगा, म्हणून यजमानांनी पेट्रोलची कॅन घरात आणून ठेवलेली. शेजारी तसलीच पांढरी कॅन क्षिप्रेच्या पाण्याची, वन्संना नाशिकला मावंद्याच्या पूजेसाठी न्यायची. धाकटे दीर विष्णूभाऊजी, ज्यांचा उभा जन्म फ्रीगंजात मोटारीच्या पार्टचे दुकान चालवण्यात गेला, त्यांनी घाईघाईत क्षिप्रा गाडीच्या टाकीत ओतली आणि पेट्रोल वन्संच्या सामानात बांधून दिले. वर कॅनला हळदकुंकू लावून नमस्कारही केला! नाशिकला भटजींनी झाकण उघडले, वास घेतला आणि आधी समई उचलून अंगणात नेली. त्या भटजींचे उपकार आहेत. मी भाऊजींना विचारले, वास कसा नाही आला? म्हणाले, "वहिनी, माझ्या नाकात चाळीस वर्षं पेट्रोलच आहे. वेगळं काय कळणार?"

इकडे गाडी फाटकापर्यंत गेली आणि बसली. आमच्या घरात माया मराठीत होते आणि राग हिंदीत येतो. यजमान ओरडले, "आज के बाद मेरी गाड़ी को हाथ मत लगाना!"

भाऊजींनी तो शब्द पाळला. मेला इतका पाळायचा नसतो, पण पाळला. दुसरे मेकॅनिक आले तर यजमान त्यांना फाटकातूनच परत पाठवत, "रहने दो भैया, घर का आदमी देखेगा." आता बोला! घरच्याला बंदी आणि परक्याला मनाई. दिवाळीला दोघे भाऊ शेजारी बसून जेवायचे, हसायचे, पण पोर्चमधल्या गाडीकडे पाठ करून. टाकीत पाणी तसेच राहिले, गंज चढत गेला, आणि एक दिवस यजमानच गेले.

दिवस झाल्यावर भाऊजींनी मला विचारले, "वहिनी, दादाने मला माफ केलं नाही ना?" त्या वेळी मला रडूच आले, उत्तर राहिले. ते इथे लिहून देते. भाऊजी, तुमच्या दादाने कधीच माफ केले होते. तो तुमची वाट बघत होता. स्वतःहून हाक मारायची नाही, ही दफ्तरदारांची पिढीजात खोड.

म्हणून ही फियाट, यजमानांच्या पान्यांच्या पेटीसह, दीर विष्णू यांना. अट एकच. टाकी त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून दुरुस्त करावी. डिकीत प्लास्टिकची कॅन ठेवून नळी लावायचा जुगाड चालणार नाही; कॅनचा अनुभव आपण घेतलेला आहे. यजमानांचा तो शब्द मी त्यांची पत्नी या नात्याने मागे घेते. नवऱ्याचा शब्द फिरवण्याचा मला संसारभराचा सराव आहे.

पुरवणी. सह्या व्हायच्या आधी वरचे कलम मी भाऊजींना वाचून दाखवले. न विचारता कुणाच्या गळ्यात गाडी मारणे बरे नव्हे. त्यांनी ऐकले, चष्मा काढून डोळे पुसले आणि एकदम उसळले, "म्हणजे तुम्ही जायची वाट बघत बसू मी? आणि तोवर टाकी थांबणार आहे? हद है, वहिनी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही न घेता ते गाडीपाशी. टाकी उतरवली तर तळाची चाळण झालेली. ती धुऊन, आत खडी घालून खळखळवली, तेव्हा लाल चिखल निघाला. "क्षिप्रेचाच आहे, तुळशीत घालू का?" विचारतात! मी दटावले. सडका पत्रा कापून नवा जोडला, पेट्रोलचे पाइप बदलले, पंप दुकानातल्या जुन्या मालातून शोधून काढला. मी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसत होते आणि मला फार बरे वाटत होते. काल गाडी चालू झाली. भाऊजींनी स्टिअरिंगवर डोके टेकले आणि "दादा" एवढेच म्हणाले.

गाडी मी कालच, हयातीतच, त्यांना देऊन टाकली. सबब कलम ४ रद्द. मी ते खोडणार मात्र नाही, मंदारने वाचावे. मुक्ताचे सांगणे होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे, त्याने साक्षीदार होऊ नये. आता भाऊजींना यातून काहीच मिळत नाही, तेव्हा साक्षीदार तेच.

माझ्या अस्थी याच गाडीतून क्षिप्रेवर न्याव्यात. घाई नाही. मात्र विसर्जनाआधी भाऊजींनी झाकण उघडून नीट बघून घ्यावे.

हे सर्व वाचून, समजून, आनंदाने सही करते.

स्थळ: टॉवर चौक, फ्रीगंज, उज्जैन, फियाटची पुढची सीट
दिनांक: ११ मार्च २०२६

वासंती यज्ञेश्वर दफ्तरदार

साक्षीदार:
१. डॉ. अपर्णा सरमंडल, मागच्या सीटवरून. लिहिणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आहेत.
२. विष्णू दफ्तरदार, स्टिअरिंगवरून. दादाची गाडी, माझा हात.

टीप: तिन्ही सह्या थरथरीत आल्या आहेत. कुणाचीही तब्येत बिघडलेली नाही. गाडी चालू आहे.