वर्धापनदिनाच्या इतिहासातून गाळलेलं नाव

गुरुजी,

तुम्हाला जाऊन दहा वर्षांच्या वर झाली. आपल्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास नव्याने लिहून काढायचं काम आता माझ्याकडे आलं आहे, माझं अक्षर बरं म्हणून. सकाळपासून कागद समोर आहे, पण तुमच्याशी बोलल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, इतिहास स्वतः लिहून वाचणं तुम्हाला जमेना. तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून सांगायचात आणि मी लिहायचो. गोरे मिशनरी साहेब बैलगाडीने आंजी गावाला कसे गेले, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, आपल्या चर्चच्या मंदिराच्या विटा कोणी वाहिल्या, सगळं तुम्हाला पाठ. वर्धापनदिनाला इतिहास वाचायचा आणि ज्या घराचं नाव येईल त्या घराने उभं राहायचं, मग सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून सलाम करायचा, ही आपल्या प्रेस्बिटेरियन मंडळीची जुनी रीत. आमचं घर मागाहून वडनेरहून आलेलं, त्यामुळे त्यात आमचं नाव कधीच नव्हतं. आठवीत शाळा सुटलेल्या माझ्यासारख्याला सगळ्यांपुढे उभं राहायची एकच वाट होती, तो इतिहास वाचायची. मी लिहिला म्हणजे मीच वाचणार, असं मी धरून चाललो होतो.

तुम्ही ते वाचायचं काम मिशन दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या मुलाला दिलंत. तो कॉलेजात जायचा, त्याचा आवाज मोठा होता. मी कागद गोळा करू लागलो तेव्हा तुम्ही चुलीवरचं भांडं उतरवत म्हणालात, "तू घाबरतं, बाबू. ओळीओळीले थांबतं. लिहिलं तू, वाचंल तो. त्यात काय बिघडलं?" मग खिशातलं स्वतःचं शाईचं पेन काढून मला दिलंत. ते पेन मी घेतलं, पण मला ते नको होतं. त्याला जे दिलंत ते हवं होतं.

पक्की प्रत त्याच पेनाने लिहिली. लिहिता लिहिता कंपाउंडरच्या मुलाच्या आजीपाशी आलो. मंदिराला छप्पर नव्हतं तेव्हा दोन वर्षं प्रार्थना तिच्या अंगणात, निंबाखाली झाली, एवढ्या दोन ओळी. त्या मी गाळल्या. नजरचुकीने नाही, चांगला विचार करून. तुम्हाला दिसत नव्हतं, आणि त्याच्या हातात कागद मी घंटा वाजल्यावरच दिला.

आजी नवं लुगडं नेसून पहिल्या बाकावर बसलेली आजही दिसते. तिला क्रम ठाऊक आहे. विटांच्या आधी आपलं अंगण येतं म्हणून ती आधीच बाकाचा हात धरून अर्धी उठते. तो थांबतो, कागद उलटून पाहतो, पुन्हा सुलटा करतो. तुम्ही त्याला बजावलं होतं, "लिहिलं तेच वाचजो, पदरचं घालू नोको." आपल्याच आजीचं नाव आपणच घालायची त्याला लाज वाटली असेल. तो सरळ विटांवर गेला. आजी काही वेळ तशीच वाकून राहिली, मग हळूच खाली बसली.

भक्तीनंतर व्हरांड्यात तिने तुम्हाला अडवलं. "काऊन मास्तर, माह्या आंगनात दोन सालं प्रार्थना झाली, ते मले सपन पडलं होतं काय?"

"सांगताना ध्यानातून गेलं, बाई. चूक मायी हाय," तुम्ही म्हणालात.

"माह्या घरचा चहा त बराबर ध्यानात राह्यते तुमच्या."

लोक हसले. त्या दोन ओळी तुम्ही मला सांगितल्या होत्या, हे तुम्हाला आणि मला, दोघांनाच माहीत होतं. घरी जाताना तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. बरंच चालल्यावर म्हणालात, "आता काई लिहिलं त मले दोनदा वाचून दाखवजो."

आजीने तुमचा सलाम घेणं सोडलं. तुमच्या मातीलासुद्धा ती कबरस्तानाच्या फाटकापर्यंतच आली. तुमच्या पेटीला पुढून खांदा तिच्या नातवाने दिला, मी मागे होतो, आणि गुरुजी, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.

आज त्या दोन ओळी मी सगळ्यात आधी लिहिल्या. पण तुमच्यावरचा ठपका तेवढ्याने पुसला जात नाही. आजी अजून आहे, तिला खरं सांगायला हवं. समोर जाऊन बोलायची माझी छाती नाही. हे पत्र तिच्याकडे पाठवलं तर तिला वाचता येत नाही, नातूच वाचून दाखवील. त्याच्या त्या मोठ्या आवाजात माझं हे पाप वाचलं जावं, हे मला सोसणार नाही. म्हणून हे इथेच राहील.

आणखी एक राहिलं. तिच्याकडचा चहा बंद झाल्यावर तुम्ही रविवारी आमच्या घरी येऊ लागलात. आई तुमच्या कपात जास्तीची साखर घालायची, तुम्ही माझ्या शेजारी बसायचात. तुम्ही जाईपर्यंत दोन वर्षं असं चाललं. त्या दोन वर्षांत तुमचा तिच्याशी समेट व्हावा असं मला एकदाही वाटलं नाही.