दादाची बाटली

महाड, १२ नोव्हेंबर १९८३, शनिवार

हृदयाच्या ऑपरेशनआधी दादाची दिवसभराची लघवी बाटलीत जमवायची होती. त्याला भेटायला पोलादपूरची माणसं आली म्हणून आईने ती ओतून टाकली, बाटली घासून उन्हात ठेवली. मी चिडलो तर म्हणते, "आपरेशन काळजाचं हाय ना रे? मग मुताशी काय काम?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, हृदय थांबवून रक्त मशीनने फिरवतात. मूत्रपिंडांवर ताण येतो, म्हणून ती धड आहेत का ते आधी बघायचं.

हृदय थांबवून. मग तेवढा वेळ दादा कुठे असतो? हे विचारायचं राहिलं, की धीरच झाला नाही?

आईला फक्त मूत्रपिंडांचं सांगितलं. आता बाटलीला कुणी हात लावू नये म्हणून ती दाराशी बसली आहे.